झाड उतरविण्याची विद्या

झाड लावण्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें जातें. वृक्षारोपणाच्या समारंभाला अध्यक्ष मिळतात, हारतुरे मिळतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रेंही येतात. परंतु तेंच झाड शंभर-सवाशें वर्षांनीं पोकळ होतें, वीज पडून जळतें, किंवा वळवाच्या वादळांत अर्धें मोडून कोणाच्या तरी माळवदावर लोंबकळत राहतें, तेव्हां तें खालीं कसें आणावयाचें या प्रश्नाला मात्र कोणी अध्यक्ष लाभत नाहीं. तें काम चार मजुरांवर सोपवून आपण खिडकी लावून घेतों. त्या चौघांपैकीं एकजण रोज आपला जीव टांगून काम करीत असतो, हें आपल्या ध्यानींही येत नाहीं. या उपेक्षित विद्येचा इतिहास, आणि तींत गेल्या पाऊणशें वर्षांत शिरलेल्या एका यंत्राची हकीकत, आज आपणांस सांगावी असा माझा विचार आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. झाड पाडणें निराळें आणि झाड उतरविणें निराळें. झाड पाडावयाचें तर त्याच्या उंचीइतकी मोकळी जागा एका बाजूस असावी लागते. रानांत ती मिळते. गांवांत मिळत नाहीं. तेथें एका अंगास घर, दुसऱ्या अंगास विजेच्या तारा, तिसऱ्या अंगास देऊळ आणि चौथ्या अंगास रहदारीचा रस्ता. अशा ठिकाणीं झाड शेंड्याकडून बुंध्याकडे, तुकड्यातुकड्यानें, खालीं उतरवून घ्यावें लागतें. पाडण्याला बळ पुरतें. उतरविण्याला विद्या लागते.

परभणी जिल्ह्याच्या बाबतींत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. हा जिल्हा जंगलांचा नव्हे. जिंतूरकडील डोंगराळ भाग सोडला तर गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील ही सारी काळ्या मातीची, कापसाची व ज्वारीची भूमि. वनक्षेत्र येथें अत्यंत थोडें. जीं मोठीं झाडें आहेत तीं शेताच्या बांधावर, विहिरीच्या थारोळ्याशीं, देवळाच्या पारावर आणि सडकेच्या दोन्ही अंगांस आहेत. कडुनिंब, चिंच, वड, पिंपळ, बाभूळ हेच येथले वृक्ष. म्हणजे परभणीचें झाड बहुधा माणसाच्या शेजारींच उभें असतें, आणि म्हणून तें पाडून चालत नाहीं, उतरवावें लागतें.

वृक्ष तोडण्यापूर्वीं विचार करावा ही भावना आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं लाकूड आणण्याचा विधि सांगितला आहे. झाडावर वास करणाऱ्या भूतांची प्रार्थना करावी, त्यांनीं दुसरीकडे वस्ती करावी अशी विनंति करावी, आणि मगच कुऱ्हाड चालवावी, असा त्याचा आशय आहे. झाड कोणत्या दिशेस पडलें यावरून शुभाशुभ फलही तेथें सांगितलें आहे. यांतील श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी दोन व्यवहाराच्या गोष्टी उरतात. झाड तोडण्याआधीं थांबून त्याच्याकडे नीट पाहिलें पाहिजे. आणि तें कोणीकडे जाणार हें पहिला घाव घालण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. आजचा कुशल वृक्षतोड्या याहून निराळें कांहीं करीत नाहीं.

जुन्या पद्धतीचीं साधनें मोजकीं होतीं: कुऱ्हाड, दोघांनीं ओढावयाची करवत, पहार, पाचर आणि दोर. परंतु या दोराच्या वापरांत मोठें कौशल्य होतें. एकजण झाडावर चढे. तोडावयाच्या फांदीला दोर बांधून तो तिच्या वरच्या एखाद्या बळकट बेचक्यांतून खालीं सोडी. खालचे लोक त्या दोराचे बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन टोंक हातांत धरीत. फांदी तुटली कीं तिचें वजन हातांवर न येतां त्या वेढ्यांच्या घर्षणावर येई, आणि एरवीं दहा माणसांना न आवरणारी फांदी दोघेजण हळूहळू भुईवर टेकवीत. त्या लाकडाचा एकही तुकडा वायां जात नसे. बाभळीचें औत व गाडीचे भाग होत, बळकट बुंधा घाण्याच्या उपयोगीं पडे, आणि डहाळ्या बायका सरपणाला नेत.

ही पद्धति कितीही चतुर असली तरी तिच्यांत एक मूलभूत उणीव होती. तिचा सारा आधार झाडावरच होता. चढणाऱ्याचा पाय झाडावर, दोराचा बेचका झाडाचा, आणि वेढेही झाडाच्याच बुंध्याला. झाड निरोगी असेल तर हा आधार उत्तम. परंतु निरोगी झाड उतरविण्याची गरज क्वचितच पडते. जें वाळलें आहे, ज्याला वाळवी लागली आहे, जें वादळांत फाटून तिरपें झालें आहे, तेंच काढावयाचें असतें. आणि नेमका त्याचाच भरंवसा धरतां येत नाहीं. शिवाय वांकलेल्या किंवा अडकलेल्या फांदीच्या एका अंगाचे तंतु ताणलेले आणि दुसऱ्या अंगाचे दबलेले असतात. दबलेल्या अंगानें कापूं लागलें तर करवत चिमटते. ताणलेल्या अंगानें कापूं लागलें तर फांदी एकाएकीं उभी फाटून कापणाऱ्यावरच उलटते. ज्या झाडाला उतरविण्याची सर्वांत अधिक गरज, तेंच झाड चढणाऱ्याला सर्वांत अधिक घातक, असा हा पेंच होता. यंत्राचा प्रवेश या पेंचामुळें झाला.

मराठींत क्रेनला यारी हा एक चांगला शब्द आहे. यारीचें मूळ प्राचीन आहे. कप्प्या आणि दोर यांच्या योगानें भार उचलणाऱ्या यंत्रांचें वर्णन रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हिअस यानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत केलेलें आहे. परंतु तीं यंत्रें एका जागीं रोवलेलीं असत, आणि त्यांना माणसांचें किंवा जनावरांचें बळ लागे. पुढची मोठी पायरी द्रवाच्या दाबाची होय. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पसरतो, हा सिद्धान्त सतराव्या शतकांत पास्कालनें मांडला. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें त्यावर आपला दाबयंत्राचा हक्क नोंदविला. लहान दट्ट्यावर थोडें बळ लावून मोठ्या दट्ट्यावर मोठें बळ मिळवावयाचें, अशी ती युक्ति. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विल्यम आर्मस्ट्राँग यानें न्यूकॅसलच्या धक्क्यावर पाण्याच्या दाबानें चालणारी यारी उभी केली. ती जहाजांचा माल उचलूं शकत होती. परंतु रस्त्यानें चालून आपल्या दाराशीं येऊं शकत नव्हती.

ती दाराशीं आली दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि आली ती अशा देशांतून कीं जेथें लाकडाचे ओंडके हाच मोठा व्यापार. स्वीडनमधील हुडिक्सवाल या गांवीं एरिक सुंडिन नांवाचा एक कारखानदार होता. बर्फावरून घसरत जाण्याच्या ज्या लांब लाकडी पट्ट्या असतात, त्या तो बनवीत असे. मोटार-ट्रकला स्वतःचें एंजिन असतेंच. मग त्याच एंजिनाच्या बळावर तेलाचा पंप चालवून ट्रकवर बसविलेला हात कां हलवूं नये, ही कल्पना त्यानें धरली. १९४४ सालीं त्यानें कंपनी काढली. तिच्या स्वीडिश नांवाच्या आद्याक्षरांवरून हिआब हा शब्द झाला. १९४७ सालीं त्यांची ट्रकवरील पहिली द्रवचालित यारी तयार झाली. पुढें ऑस्ट्रिया, इटली, फिनलंड या देशांतही असे कारखाने निघाले. ट्रकनें माल न्यावयाचा आणि ट्रकनेंच तो चढवावयाचा-उतरवावयाचा, ही सोय तेव्हांपासून जगभर पसरली.

या यारीचें वैशिष्ट्य तिच्या कोपरांत आहे. साधी यारी म्हणजे एक सरळ लांब दांडा. तो वर होतो, खालीं होतो, लांब होतो. परंतु वांकत नाहीं. या यारीला मात्र आपल्या हाताप्रमाणें खांदा आहे, दंड आहे, कोपर आहे आणि पुढें सरकणारा बाहु आहे. काम संपलें कीं ती घडी घालून ट्रकच्या बैठकीमागें बसते, आणि मागचा हौदा लाकूड भरण्यास मोकळा राहतो. म्हणून मी तिला घडीची यारी म्हणतों. तारांच्या खालून वांकून, भिंतीवरून पलीकडे उतरून, दोन फांद्यांच्या मधून आंत शिरून ती पकड घेऊं शकते. सरळ दांड्याला हें साधत नाहीं.

झाड उतरवितांना तिचें काम असें चालतें. ट्रक योग्य जागीं उभा करून त्याचे दोन्ही अंगांचे टेकूपाय बाहेर काढावयाचे व जमिनीवर घट्ट रोवावयाचे. मग यारीच्या टोंकाशीं असलेला पट्टा किंवा साखळी फांदीला बांधावयाची, किंवा लोखंडी पंजानें ती धरावयाची. यारीनें प्रथम हलकासा ताण घ्यावयाचा. मग फांदी कापावयाची. कापलेली फांदी पडत नाहीं, हिसका देत नाहीं. ती उचलली जाते आणि फिरवून मोकळ्या जागीं ठेवली जाते. अलीकडे युरोप-अमेरिकेंत पंजा आणि करवत एकाच टोंकाला बसविलेलीं यंत्रें निघालीं आहेत. चालक दूर जमिनीवर उभा राहून हातांतील पेटीवरून सर्व काम करतो. झाडावर कोणी चढतच नाहीं. आधार झाडाचा नसून बाहेरचा असणें, हाच तो मूळ पेंच सोडविण्याचा उपाय होय.

परंतु यंत्र आलें म्हणून गणित सुटत नाहीं. उलट तें अधिक कडक होतें. ओलें लाकूड दिसतें त्याहून फार जड असतें. पुष्कळ झाडांचें ओलें लाकूड जवळजवळ पाण्याइतकें, म्हणजे घनमीटरला सुमारें एक टन भरतें. ६० सेंटिमीटर जाडीचा आणि ३ मीटर लांबीचा साधा ओंडका घेतला तरी त्याचें वजन सुमारें ८५० किलो होतें. तो ओंडका यारीच्या खांबापासून ४ मीटरवर असेल तर यारीवर सुमारें साडेतीन टन-मीटरचा भार येतो. तोच १२ मीटरवर असेल तर दहा टन-मीटरहून अधिक. वजन तेंच, पण अंतर तिप्पट झाल्यानें भार तिप्पट झाला. आपली तरफ आणि आपला तराजू हेंच तत्त्व सांगतात. म्हणून प्रत्येक यारीबरोबर किती अंतरावर किती वजन उचलावें याचा तक्ता असतो, आणि चांगल्या यंत्रांत मर्यादा ओलांडतांच हालचाल थांबविणारी योजनाही असते. तक्ता न पाहतां उचललेला एक ओंडका ट्रकसकट सर्वांना आडवें करूं शकतो.

येथें परभणीच्या मातीकडे पुन्हां वळलें पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसांत फुगून लोण्यासारखी होते. वरून घट्ट दिसणाऱ्या थराखालीं ती मऊ असूं शकते. टेकूपायाखालीं सगळा भार एका लहानशा चकतीवर एकवटतो. ही चकती जर ओल्या मातींत खचली तर ट्रक कलंडतो. स्वीडनच्या गोठलेल्या जमिनीवर जें चालतें तें गोदाकांठच्या आषाढांत चालणार नाहीं. टेकूपायाखालीं जाड फळ्यांचें रुंद बैठें घालून भार पसरविला पाहिजे, आणि शक्य तर हें काम पाऊस लागण्याआधीं उरकलें पाहिजे. परंतु झाडें पडतात तीं नेमकीं मृगाच्या आगेमागें. आपत्ति आणि तिचा उपाय यांच्यांत ही अडचण कायमची उभी आहे. विजेच्या तारांचेंही तसेंच. लोखंडी बाहूला तार शिवण्याचीही गरज नाहीं; ती फार जवळ आली तरी वीज उडी घेऊं शकते. वीज बंद केल्यावांचून तारांजवळ यारी चालविणें म्हणजे जाणूनबुजून जीव धोक्यांत घालणें होय.

घडीची यारी आपल्या गांवोगांवीं रोज दिसते असें मात्र नाहीं. मराठवाड्यांतील शहरांत झाडाच्या कामाला बहुधा येते ती चार चाकांवर चालणारी, सरळ दांड्याची हायड्रा. किंवा माती खणणारी जेसीबी. जेसीबीनें झाड ढकलून पाडतां येतें, उतरवितां येत नाहीं. ज्या कामाला हात हवा तेथें धक्का वापरला जातो. मग कधीं भिंत कोसळते, कधीं जमिनीखालचा नळ उखडतो.

आतां या इतिहासाची दुसरी बाजू. झाड तोडणें हा केवळ कारागिरीचा प्रश्न कधींच नव्हता. १९४७ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसनें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं निजामी राजवटीविरुद्ध लढा पुकारला, तेव्हां शिंदीचीं झाडें तोडणें हा त्या लढ्याचा एक कार्यक्रम होता. शिंदी-ताडीवरील अबकारी उत्पन्न हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. तो आधारच तोडावयाचा, हा हेतु. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो लढा संपला. कुऱ्हाड कोणत्या झाडावर आणि कशासाठीं चालते हें पाहूनच तिच्याविषयीं मत द्यावें लागतें, हें या प्रसंगावरून दिसून येतें.

पुढें महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६४ सालीं वृक्षतोडीचें नियमन करणारा कायदा झाला. साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह असे वृक्ष परवानगीवांचून तोडण्यास त्यानें बंदी केली. १९७५ सालीं शहरांतील वृक्षांच्या रक्षणासाठीं वेगळा कायदा आला आणि वृक्ष प्राधिकरणें अस्तित्वांत आलीं. २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षांवरील झाडांना वारशाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावावीं असें ठरविलें. या सर्व कायद्यांच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट आहे: झाड तोडण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळांत कोणी अर्ज करील, कोणी हरकत घेईल, कोणी विचार करील. कुऱ्हाडीच्या काळांत हें खरें होतें. १९७४ सालीं हिमालयांतील रेणी गांवच्या स्त्रिया गौरादेवींसह झाडांच्या आड उभ्या राहूं शकल्या, कारण कुऱ्हाडवाले चालत आले होते आणि एकेक झाड तोडण्यास त्यांना वेळ लागणार होता.

यंत्रानें तो वेळच नाहींसा केला. मुंबईच्या आरे वसाहतींत ऑक्टोबर २०१९ मध्यें काय घडलें तें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. ४ तारखेस उच्च न्यायालयानें हरकतीचे अर्ज फेटाळले. त्याच रात्रीं यांत्रिक करवती सुरू झाल्या. ७ तारखेस सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविण्याचा आदेश दिला. परंतु तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडें भुईवर आलीं होतीं. मेट्रो हवी कीं नको या वादांत मी शिरत नाहीं. मला दाखवावयाचें तें इतकेंच, कीं न्यायाची चाल पूर्वींचीच राहिली आणि करवतीची चाल मात्र बदलली.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच राज्यांत आहे. सांगली जिल्ह्यांतील भोसे येथें रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेंत सुमारें चारशें वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा एक वड येत होता. २०२० सालीं लोकांनीं आवाज उठविला, आणि झाड तोडण्याऐवजीं रस्त्याच्या आंखणींत फेरफार करण्यांत आला. तेथें यंत्र नव्हतें असें नाहीं. तें चालण्यापूर्वीं माणसें थांबलीं. पाथरी-मानवत-परभणी-वसमत या मार्गानें जाणारा कल्याण-निर्मळ महामार्ग आपल्याही जिल्ह्यांतून जातो. जुन्या सडकेची सावली आणि नव्या रस्त्याची रुंदी यांचा निवाडा करण्याचे प्रसंग येथेंही येतच राहणार.

शिवाय हें यंत्र केवळ तोडण्याचेंच नाहीं. वराहमिहिरानेंच झाड एका जागेवरून काढून दुसऱ्या जागीं लावतांना मुळापासून फांद्यांपर्यंत तूप, वाळा, तीळ, मध इत्यादिकांचा लेप द्यावा असें सांगितलें आहे. म्हणजे स्थलांतराची कल्पना जुनी. मोठ्या झाडासाठीं उणें होतें तें बळ. तें आतां यारी देऊं शकते. मुळांभोंवतीं मातीचा गड्डा राखून झाड अलगद उचलणें तिला शक्य आहे. परंतु उचललें म्हणजे जगलें असें नव्हे. मुळांची तयारी कांहीं महिने आधीं करावी लागते, आणि नंतर वर्षानुवर्षें पाणी द्यावें लागतें. तो धीर नसेल तर स्थलांतर म्हणजे सावकाश केलेली तोडच होय.

श्रोतेहो, आपल्या घराजवळचें एखादें झाड काढण्याचा प्रसंग आला तर कांहीं प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणां प्रत्येकास आहे. परवानगी झाली आहे काय? झाड खरोखर मेलें आहे, कीं केवळ आड येत आहे? वर कोण चढणार, आणि त्याच्या कमरेला दोर आहे काय? वीज बंद केली आहे काय? यंत्राच्या पायांखालची माती कोणी पाहिली आहे काय? ओंडका अखंड उतरवून सुताराकडे जाणार, कीं तुकडे होऊन भट्टींत जाणार? या प्रश्नांना उत्तरें मिळेपर्यंत एखादा दिवस गेला तरी कांहीं बिघडत नाहीं. जें वाढावयास शंभर वर्षें लागलीं त्याला एक दिवस अधिक मिळाला तर तो वायां गेला असें कोण म्हणेल? आणि तें काढणेंच प्राप्त असेल, तर खालीं येतांना त्यानें कोणा मजुराचा प्राण घेऊं नये, एवढी काळजी यारीच्या रूपानें आतां आपल्याला घेतां येण्यासारखी आहे. नगरपालिकांनीं रस्ते झाडण्याच्या यंत्रांइतकाच या साधनाचाही विचार करावा, आणि तें चालविणाऱ्याला नीट शिक्षण द्यावें, अशी सूचना करून मी आपली रजा घेतों.